अजून एकच जण राहिलाय

माझी बहीण ओपल बॅप्टिस्ट आणि मी फ्री विल बॅप्टिस्ट. लॉरेल गॅप या आमच्या डोंगरातल्या गावात दोन्ही चर्चं एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत, मधे फक्त पेट्रोल पंप. गाणी तीच, बायबल तेच, जेवणातलं बटाट्याचं सॅलडसुद्धा तेच, कारण दोन्हीकडे ते मीच करून देते. फरक काय तो एकच. ओपलच्या लोकांचं म्हणणं, माणसाचं एकदा तारण झालं, म्हणजे पापं माफ होऊन स्वर्ग पक्का झाला, की झालं, ते पुन्हा कधी जात नाही. आमचं म्हणणं, जातं. आपण देवाचा हात सोडला की जातं.

यावरून आम्ही बहिणी लग्नाआधीपासून भांडतोय.

"तुमचं तारण म्हणजे बँकेतलं तारण गं," ओपल म्हणते. "हप्ता चुकला की जप्ती."

"आणि तुमचं?" मी म्हणते. "देव तारी त्याला कोण मारी, म्हणून खुशाल पुलावरनं उड्या मारा."

एकदा का हे सुरू झालं की माझा तोंडावर ताबा राहत नाही. मग मी तिला अशी काही बोलते की ती फोन आपटते. आणि आमच्या चर्चच्या शिकवणीप्रमाणे एवढा राग म्हणजे पापच, तेव्हा तारण जातं हे तिला पटवून देता देता माझंच जातं. की पुढच्या रविवारी मी आहेच, सगळ्यांच्या देखत पुढे जाऊन गुडघे टेकून रडायला. आमचा पाळक, म्हणजे चर्चचा उपदेशक, तर आता मला उठताना बघितलं की नुसता रुमाल काढून ठेवतो. ओपल मात्र लहानपणी एकदा पुढे गेली आणि तेवढ्यावर तिने आजवर निभावलंय.

हे पुढे जाणं दोन्हीकडे सारखंच आहे. उपदेश संपला की पियानो हळू वाजायला लागतो, सगळे उभे राहतात, माना खाली आणि डोळे बंद. ज्याला प्रभूला शरण जायचंय त्याने बाकातून निघून पुढे पाळकापाशी जायचं. कोणी गेलं की गाणं थांबतं आणि लोक बसतात. कोणीच गेलं नाही तर पाळकाच्या मनाला येईल तोवर उभं राहायचं.

ओपलचा नवरा होबार्ट म्हणजे देवमाणूस. आयुष्यभर लाकडाच्या गिरणीत राबला, पण त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. ओपलच्या चर्चचा तो डीकन. पाळकाच्या खालोखाल त्याचा शब्द. कोणाचं छप्पर गळालं की होबार्ट शिडी घेऊन हजर. गावात म्हणतात, होबार्टला स्वर्गात घेतलं नाही तर दारच बंद करून टाका, मग बाकीच्यांनी जायचं कशाला.

तर यंदा ऑगस्टात ओपलच्या चर्चमध्ये आठवडाभर संजीवन सभा होत्या, म्हणजे रोज रात्री उपदेश आणि पुढे बोलावणं, आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी अ‍ॅशव्हिलला मोठ्या इस्पितळात होबार्टच्या हृदयाचं ऑपरेशन. रविवारी दुपारी आम्ही तिघं ओपलच्या ओसरीवर बीन्स मोडत बसलो होतो. होबार्टने भांडं खाली ठेवलं.

"ओपल," तो म्हणाला, "गुरुवारच्या आत एक सांगून टाकतो. माझं तारण झालेलंच नाही."

"शिरा नीट काढ," ओपल म्हणाली. "मागच्या वेळी दातात अडकत होत्या."

"चेष्टा नाही करत गं."

तिने मान वर केली.

"आपलं लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो बाहेरगावचा उपदेशक आला होता बघ, पांढऱ्या बुटांचा," होबार्ट म्हणाला. "हात वर करून म्हणाला, प्रभू मला दाखवतोय, अजून एकच जण राहिलाय. तो येईपर्यंत आपण थांबायचं नाही. गाण्याची सगळी कडवी झाली, पुन्हा पहिल्यापासून झाली. उकाडा असा की भिंती घामेजल्या. बाहेर झाडाखाली टेबलं मांडलेली, चिकन गार होतंय, माश्या बसतायत. आणि एक माणूस हलायला तयार नाही. म्हटलं, कोणी बळी गेल्याशिवाय सुटका नाही. मग गेलो."

"चिकनसाठी?" ओपलने विचारलं.

"गार होत होतं."

मला हसू फुटलं. आवरेचना, बीन्स सांडले. मग ओपलकडे बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

कारण बघा, होबार्ट दारू पीत असता, बाया ठेवून असता, तरी ओपलकडे उत्तर होतं. एकदा झालं की जात नाही. पण झालंच नसेल तर? कुलूप भक्कम आणि तिजोरी रिकामी. इतकी वर्षं ती ज्या शिकवणीवर माझ्याशी भांडली, तिच्यात तिच्या नवऱ्यापुरती जागाच नव्हती. 'बघ, मी सांगत नव्हते?' एवढं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी ते गिळलं.

"मग आत्ता कर," ओपल म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. वेल्मा, बायबल आण आतलं."

"नको," होबार्ट म्हणाला. "एकदा खोटं पुढे गेलो ते पुरे झालं. त्यानंतर नदीत बुडवून बाप्तिस्मा दिला, सगळे रडत होते, तुझी आई गळ्यात पडली. कुठल्या तोंडाने सांगणार होतो? आणि आता सुरीला भिऊन पुन्हा जाऊ? देवाला काय कळत नाही?"

मुळात गरीब माणूस, पण अशी माणसं हट्टाला पेटली की खेचराला लाजवतात. उठला आणि गवत कापायला गेला.

ओपल पायरीवर बसून राहिली. "वेल्मा," ती म्हणाली, "गुरुवारी तो टेबलावरच गेला तर? मी वर जाऊन शोधू कुणाला?"

मी तिच्या मांडीवरचे बीन्स उचलून मोडायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिने पाळकाला गाठलं. ब्रदर ट्रॅव्हिस वयाने लहान, चांगला पोरगा आहे, पण हे ऐकून त्याचा चेहरा पिठासारखा झाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. होबार्टचं तारण झालंय म्हणावं तर तो स्वतः नाही म्हणतोय. झालं नाही म्हणावं तर इतकी वर्षं चर्चचा डीकन कोण होता? वर आणखी एक भानगड. लहानपणी रविवारच्या शाळेत ट्रॅव्हिसचा हात धरून त्याला पुढे कोणी नेलं होतं? होबार्टनेच.

"म्हणजे मग माझं काय, सिस्टर ओपल?" त्याने विचारलं.

"तुझं तू बघ," ओपल म्हणाली. "मला गुरुवारच्या आत माझ्या नवऱ्याचं हवंय."

ती घरी आली आणि तिने एकीलाच फोन केला, तोही फक्त प्रार्थनेसाठी. आमच्याकडे एखादी गोष्ट गावभर करायची असेल तर ती प्रार्थनेसाठी सांगावी. जेवणवेळेपर्यंत पेट्रोल पंपावरचा माणूस मला विचारत होता, काय हो, होबार्टचं झालेलंच नाही म्हणे?

मंगळवारच्या सभेला चर्च खच्चून भरलं. मीही गेले, ओपलच्या शेजारी बसले. ट्रॅव्हिसने उपदेश आटोपला, पियानो सुरू झाला, आणि त्याने हात वर केला.

"माना खाली, डोळे बंद," तो म्हणाला. "प्रभू मला दाखवतोय, अजून एकच जण राहिलाय."

प्रभूने कशाला दाखवायला हवं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. माना खाली, पण एकूण एक डोळा किलकिला आणि होबार्टवर लागलेला. होबार्ट आपला गाण्याचं पुस्तक धरून शांत उभा. कडवी संपली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मागच्या खोलीतून तळलेल्या चिकनचा वास यायला लागला. बाळं किरकिरली. ट्रॅव्हिसच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात काही खाली येईना.

इकडे ओपलचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. भांडीसुद्धा ती स्टुलावर बसून घासते. तिने पुढचं बाक घट्ट धरलं होतं आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

"बस ना गं," मी पुटपुटले.

"तो जाईपर्यंत नाही."

"पडशील."

"पडू दे."

तिसऱ्यांदा पहिलं कडवं सुरू झालं आणि ओपल डुलायला लागली. तेव्हा मला राहवेना. मी निघाले. मला काय, रोजचीच वाट. फक्त चर्च दुसरं. मागून कोणीतरी म्हणालं, अगं ही तर समोरची.

मला बघून ट्रॅव्हिस गोंधळला. "सिस्टर वेल्मा? तुम्ही कशासाठी?"

"माझं तारण गेलंय. परत पाहिजे."

"आमच्याकडे ते जात नाही, सिस्टर."

"मग तुमच्याकडे जे काय मिळतं ते दे," मी म्हटलं, "आणि आधी तो पियानो थांबव."

हे सगळं चर्चभर ऐकू गेलं, कारण पोराच्या टायला माईक लावलेला होता. पियानोवालीने त्यातलं 'पियानो' तेवढं ऐकलं, तिला वाटलं, चौथ्यांदा वाजव म्हणतात. तेवढ्यात मागे कुजबुज उठली. मी वळून बघितलं तर होबार्ट येत होता. बायका रडायला लागल्या. कोणी म्हणालं, हालेलुया. ट्रॅव्हिसचे डोळे भरून आले, त्याने दोन्ही हात पसरले.

"माझं राहू दे, पोरा," होबार्ट म्हणाला. "आधी लोकांना बसव. ओपलचे गुडघे गेलेत, आणि ती आपणहून बसायची नाही."

ट्रॅव्हिसचे हात तसेच पसरलेले राहिले.

"त्या वेळीही हेच झालं होतं," होबार्ट सांगत होता, अगदी हळू, पण माईकने एक शब्द सोडला नाही. "सातवा महिना होता तिला. अशीच डुलत होती. बस म्हटलं तर आईच्या धाकाने बसेना. मग काय करणार, आलो."

"म्हणजे चिकन नव्हतं?" मी विचारलं.

"चिकनही होतं."

"बसा सगळे," ट्रॅव्हिस म्हणाला. पियानो थांबला. एवढी माणसं एकदम खाली बसली की बाकं कुरकुरली. ओपलही बसली. त्यानंतर प्रार्थना काय झाली मला आठवत नाही, जेवण मात्र गरम होतं. ओपलने घास तोंडात घातला नाही. माझा काय हिशोब झाला, तारण परत दिलं की नाही, हे मला कोणी सांगितलंच नाही.

गुरुवारी पहाटे आम्ही अ‍ॅशव्हिलला गेलो. होबार्टला हिरवा झगा घालून चाकांच्या गाडीवर झोपवलं होतं, कवळी काढलेली, त्यामुळे तो एकदम म्हातारा दिसत होता. ओपल गाडीची कड धरून उभी. नर्स म्हणाली, आता न्यायचंय. ओपलने कड सोडली नाही.

"होबार्ट," ती म्हणाली, "शेवटचं विचारते. मला खरं सांग. तुझं झालंय की नाही?"

"आधी बस."

"होबार्ट."

"सकाळपासून उभी आहेस. बस, मग सांगतो."

नर्सने खुर्ची सरकवली. ओपल बसली.

"त्या दिवशी पुढे गेलास, तेव्हा त्या उपदेशकाला तू काय म्हणालास?" तिने विचारलं.

"त्याला काहीच नाही म्हणालो. तो काय काय विचारत होता, माझं लक्ष तुझ्याकडे. तुझा रंग पार उडाला होता. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, एवढं हिला बसू दे, मग तू म्हणशील ते करीन. तेवढ्यात त्याने हात खाली केला. सगळे बसले. तूही बसलीस."

"मग?"

"मग काय. शब्द देऊन बसलो होतो. करत राहिलो."

"इतकी वर्षं?"

"मधे थांब म्हणून कोणी सांगितलं नाही."

"अरे बावळटा," ओपल म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, "मग याला तू काय म्हणतोस?"

होबार्टने विचार केला. "याला? कबूल केलं होतं, ते पाळलं. याला काही वेगळं म्हणतात का?"

ओपल हसत होती की रडत होती, देव जाणे. तिने त्याच्या टकलाचा मुका घेतला आणि नर्सला म्हणाली, "न्या. आता न्या."

नर्स त्याला घेऊन गेली. दारातून त्याचा आवाज आला, बोळक्या तोंडाचा. "मंगळवारचं चिकन उरलंय का बघ."

तो बरा झाला हे सांगायला नकोच. महिन्याभरात कोणाच्या तरी छपरावर चढला आणि ओपलच्या शिव्या खाल्ल्या.

पण त्या सकाळी, आत डॉक्टर त्याचं हृदय उघडून बसले होते तेव्हा, मी बाहेर कॉफी घेऊन विचार करत होते. आमचं म्हणणं, आपण हात सोडला की तारण जातं. होबार्टला तर इतकी वर्षं वाटत होतं की आपण हात कधी धरलाच नाही. तरी तो बुडाला नाही. मग हात धरून ठेवला होता कोणी? म्हणजे ओपल म्हणते तेच खरं निघालं की. मी शेजारी बघितलं. ओपल खुर्चीतच झोपली होती, तोंड उघडं, गुडघ्यावर पर्स.

तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर वाद होणार, वादात मी तोंड टाकणार, आणि मग पुढच्या रविवारी पुन्हा आपला रुमाल.