मनगटावरचं डोरलं

सत्यभामाच्या मानेवरची गाठ पिकावी म्हणून सासूबाईंनी बिब्बा लावला. गाठ काही पिकली नाही, कातडी तेवढी भाजली. पुढं बांगड्या ढिल्या झाल्या, रात्री चोळी घामानं भिजू लागली, तेव्हा नवऱ्यानं, शालिग्रामनं, दमणीला बैल जुंपले आणि दोघींना धाडहून बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर म्हणाले, "गंडमाळ असेल, नाहीतर हॉजकिनचा आजार, तो जिवावरचा. गाठ काढून नागपूरला तपासल्याशिवाय कळायचं नाही."

"त्या साह्यबाचा आजार आमच्या सुनेले काऊन?" सासूबाई म्हणाल्या. "अन् दुखत नाही, तं कापता कायले?"

"दुखत नाही, म्हणूनच भीती वाटते, बाई. गळ्यातलं काढा."

सत्यभामानं डोरलं मुठीत घट्ट धरलं. नवरा दारात उभा असताना गळा मोकळा करायचा? गाठ राहिली तरी चालेल, म्हणाली.

सासूबाई विधवा, सुनेच्या डोरल्याला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. त्यांनी लेकाला हाक मारली.

"शाल्या, इकडे ये बे. तुह्या हातानं हिच्या मनगटाले बांध. डोरल्याले गळाच लागते, असं कोनं सांगतलं?"

शालिग्राम बांधू लागला. मनगट इतकं वाळलं होतं की पोतीचे वेढ्यावर वेढे बसत गेले. सासूबाई ते बघत राहिल्या.

"कापा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.