एकच सातबारा

निंगव्वाच्या दोन्ही पोरांची शिक्षा हायकोर्टानं एकाच दिवशी थांबवली. अपिलाचा निकाल लागेतोवर दोघांनी बाहेर राहावं. फक्त प्रत्येकाला जमीनवाला एकेक जामीनदार हवा. न्यायालाही सातबारा लागतो, हे मैंदर्गीच्या त्या बाईला तेव्हा कळलं.

बांधाच्या भांडणात काठी चालवली ती थोरल्या मृत्युंजयनं. धाकटा संगमेश भांडण सोडवायला गेला आणि भावाच्या बरोबरीनं सात वर्षांची शिक्षा घेऊन बसला. जमीन म्हणाल तर निंगव्वाच्या नावावर एकच तुकडा. दुसऱ्या जामिनासाठी तिनं भाऊबंदांचे उंबरे झिजवले. लग्नकार्यात पुढं पुढं करणारे सगळे जामीन म्हणताच अंग काढून घेऊ लागले.

"एका सातबाऱ्यावर एकच सुटेल, मावशी," वकीलबाई पूनम म्हणाली. "कुणाला काढायचं ते तुम्ही ठरवा. दुसऱ्याला येरवड्याला हलवतील. अपील कधी निघेल, देवालाच ठाऊक."

निंगव्वाचं मन धाकट्याकडं ओढत होतं. ज्यानं काही केलंच नाही तो आत का सडावा? हेच सांगायला ती सोलापूरच्या जेलात गेली, तर जाळीपलीकडून तोच म्हणाला, "अव्वा, अण्णाला काढ. वैनीचे दिवस भरत आल्यात. माझी वाट बघनारं कोन हाय? आन् त्याला सांगू नकोस, न्हायतर तो भाईर यायचा न्हाय."

'मी हाय की,' एवढं तरी तिनं म्हणायला हवं होतं. ती "बरं" म्हणाली. इतक्या पटकन कशी म्हणाली, याचंच तिला रस्त्यावर आल्यावर रडू फुटलं.

मृत्युंजय सुटला तेव्हा ती फाटकाशी उभी होती. तो बाहेर आला, तिच्या पाया पडला आणि तिथंच थांबून मागं बघू लागला. दोघं भाऊ वेगवेगळ्या बराकीत होते.

"चल की, बाळा."

"संगम्याला येऊ दे की. त्यालाबी सोडलंय न्हवं?"

"व्हय."

शिपायानं फाटक लावून घेतलं. मृत्युंजयनं एकदा फाटकाकडं बघितलं, एकदा आईकडं.

"अव्वा, काठी मी मारली. त्यानं न्हाय."

"ठाव हाय," निंगव्वा म्हणाली. "कोर्टानं दोघांलाबी सोडलं व्हतं रं. त्याला आत मी ठिवलं."