गरम हाताने अडवलेलं पाणी

गॅरेजच्या उतारावर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना खाली शिरता आलं नाही, ते वरूनच उकिडवे बसून माना वाकवत होते. आत, काँक्रीटच्या भिंतीत तळाजवळच्या करंगळीएवढ्या भोकातून पाण्याची धार उडत होती आणि तिच्यासमोर तप्तहस्त बाबा मांडी घालून बसले होते.

"पाणी वाट चुकलंय," बाबा म्हणाले. "वाट चुकलेल्यावर रागवायचं नसतं. हात धरून माघारी पाठवायचं असतं."

त्यांनी झोळीतून करडी राख काढली. ती म्हणे त्यांच्या गुरूंच्या तपाची. गुरू कोण, तप कसलं, हे विचारायची सोय नव्हती. तळहातावर चार थेंब पाणी घेऊन त्यांनी ती मळली, डोळे मिटले आणि पुटपुटत गोळा भोकावर दाबून धरला. धार बारीक झाली, ठिबकली आणि थांबली. मग बाबांनी माझ्या दादाचा हात त्या गोळ्यावर ठेवला. दादाने तो चटकन मागे घेतला.

"गरम आहे," तो म्हणाला.

ते दोन शब्द उतारावरून कानोकान वर गेले.

दादाने मोठ्या हौसेने घराखाली हे गॅरेज बांधलं होतं. भिंती जाडजूड होत्या, पण 'काँक्रीटमधून कुठे पाणी येतंय' असं म्हणत त्याने बाहेरच्या अंगाचं वॉटरप्रूफिंग टाळलं. पाणी आलंच. इंजिनिअर बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "भिंतीच्या पायापर्यंत बाहेरून खणा, थर द्या, तळाशी खडी आणि भोकांचा पाइप टाकून पाण्याला वाट करून द्या. आतून लिंपाल, तर पाणी मागेच साचून राहील." पण त्यासाठी वहिनीने जीव लावून वाढवलेली बाग उखडावी लागणार होती. बाबांनी बाग वाचवली. दादाने बाईंना फोन करून काम नको म्हणून सांगितलं.

निघताना बाबांची नजर वहिनीच्या सुजलेल्या पायांवर गेली. तिची मूत्रपिंडं कमजोर होती. गोळ्यांवर तिचं बरं चाललं होतं.

"भिंतीतलं पाणी काय नि देहातलं काय, एकच," बाबा म्हणाले. "गोळ्यांनी ते आत कोंडतं. बंद कर त्या. मी येऊन हात लावत जाईन."

वहिनीने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. मी विनवलं, दादाशी भांडलो. "भिंत बघितलीस ना?" एवढंच तो म्हणायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या राखेचा जमिनीवर सांडलेला खडा मी उचलला होता. तो दगडासारखा घट्ट होता. हार्डवेअरच्या दुकानात दाखवला, तर दुकानदाराने न विचारता एक डबा पुढे ठेवला.

"गळती बंद करायचं सिमेंट. पाणी लागलं की दोन-चार मिनिटांत दगड. हातमोजे घाला सर, कातडी जाते."

बाबांचे तळहात सोललेले होते. लोक त्याला तपाच्या खुणा म्हणत.

काही दिवसांनी जुन्या भोकाच्या वीतभर पलीकडे नवी धार लागली. मी दादा, वहिनी आणि शेजारच्यांना खाली बोलावलं. सगळ्यांसमोर डबा फोडला, हातमोजे घातले, सिमेंट मळलं आणि मंत्राऐवजी सतराचा पाढा म्हणत गोळा दाबून धरला. धार थांबली.

"हात लावून बघा," मी म्हणालो. "गरम लागेल. सिमेंटमध्ये पाणी पडलं की उष्णता निघते. बाबांच्या हातात हेच होतं."

सगळ्यांनी हात लावून पाहिला. मग शेजारच्या मावशी पुढे आल्या.

"सर, माझ्या गुडघ्यालाही जरा हात लावता का?"

मी दादाकडे पाहिलं. तो हसला नाही. "म्हणजे तुझ्याही हाताला गुण आहे," तो म्हणाला.

"दादा, गुण डब्यात आहे. तू मळलंस तरी हेच होईल."

त्याने डब्याला हात लावला नाही. वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमचं खरं असेल. पण मला पाय हलके वाटतात." तिच्या चपला आता तिला होत नव्हत्या, ती दादाच्या घालून आली होती.

पुढे भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथून पाणी वर आलं. बाबांना निरोप गेला. 'घरात शंकेखोर माणूस आहे, तिथे माझा हात चालत नाही,' असं उत्तर आलं. ते पुन्हा फिरकले नाहीत. आणि एका दुपारी वहिनीला आडवं पडलं की श्वास घेता येईना. आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

"गोळ्या कोणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं. दादा भिंतीबद्दल सांगू लागला आणि मध्येच थांबला. वहिनी वाचली, पण मूत्रपिंडं गेली. आता तिचं रक्त यंत्रातून शुद्ध करावं लागतं, आणि ते कायमचं.

दादाने बाग खणायला घेतली आहे. काल यंत्राला जोडलेली वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, पाणी थांबलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं हो."

तिने पाहिलं ते खरंच होतं. खोटं होतं ते त्याला जोडलेलं बोलणं.

म्हणून वाचकहो, एवढंच मागतो. चमत्कार दिसला, तर डोळ्यांवर अविश्वास दाखवू नका. पण हातात काय आहे ते विचारा, आणि तेच दुसऱ्याच्या हातून होतं का ते करून बघा. उत्तर मिळेपर्यंत औषधाची एकही गोळी चुकवू नका.