ब्रॅकमधली काडी

सकाळी ब्रॅकचं, म्हणजे आमच्या हॅलोवीनच्या मनुके घातलेल्या गोड पावाचं, पीठ मळायला डर्वलाने बाह्या वर सारल्या आणि चहात भिजवलेल्या मनुक्यांचा वाडगा माझ्या हातून सुटता सुटता राहिला. माझ्या लेकीच्या दंडावर बोटांचे वळ होते, काळेनिळे.

"हे काय गं?"

"दार लागलं." तिने पिठाच्याच हाताने बाही खाली ओढली. "आई, आता सुरू होऊ नकोस हं."

दाराला बोटं असतात हे मला नवीनच होतं. पण मी मनुके पिठात ओतले. जानेवारीत तिचं लग्न होतं, कॉर्मकशी. गोडबोल्या, कामसू मुलगा, सगळं गाव त्याच्यावर खूश. माझा नवरा फिन्टन तर त्याच्याविरुद्ध शब्द ऐकून घ्यायचा नाही.

हॅलोवीनच्या ब्रॅकमध्ये आम्ही कागदात गुंडाळून वस्तू लपवतो. अंगठी निघाली तर वर्षात लग्न, चिंधी निघाली तर दारिद्र्य, काडी निघाली तर घरात मारहाण. हसण्यावारी न्यायच्या गोष्टी. यंदा डर्वला हात धुवायला गेली तशी मी अंगठी आणि चिंधी बाजूला ठेवली. फक्त काडी खुपसली, अगदी कडेला, आणि खूण म्हणून वर एक चेरी दाबली. तो तुकडा मी कॉर्मकला देणार होते. काडी बघून त्याचा चेहरा कसा होतो, ते फिन्टनला एकदा दिसू दे, असं माझ्या मनात होतं.

संध्याकाळी कॉर्मक आला तसा मी चहा ओतला. ब्रॅक कापला, लोणी फासलं आणि चेरीचा तुकडा कॉर्मकपुढे सरकवला.

"छे छे, काकू. पहिला मान माझ्या राणीचा," म्हणत त्याने ताटली डर्वलापुढे केली.

"थांब, तो..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. तोवर तिने घास घेतला होता. दाताखाली कट्कन वाजलं. तिने कागद उलगडला.

फिन्टन सवयीने हसला. कॉर्मकही हसला. "बघा, ब्रॅकलाही कळलंय. हिला अधूनमधून सरळ करावंच लागतं!"

डर्वला हसली नाही. तिने सावकाश बाही वर केली आणि हात बापासमोर टेबलावर ठेवला. फिन्टनने ते वळ पाहिले. मग कॉर्मकचा हात पाहिला.

"अहो, चेष्टेत धरलं होतं..." कॉर्मक म्हणाला.

फिन्टन खुर्ची ढकलून उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाबा, तुम्ही बसा." डर्वलाने खुंटीवरचा कॉर्मकचा कोट काढला, बोटातली साखरपुड्याची अंगठी त्याच्या खिशात टाकली आणि दार उघडून उभी राहिली. "पस्तावशील," असं पुटपुटत तो गेला.

मग ती माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता रडेल.

"काडी तू त्याच्यासाठी ठेवली होतीस ना?"

"हो."

"मला सरळ विचारायचं होतंस गं."

"विचारलं की सकाळी."

"आणखी एकदा विचारायचं होतंस, आई."