बिनवासाचा खड्डा

"आई, पाय काढ की. टेप अडकलाय."

केतननं तिसऱ्यांदा सांगितलं तरी अरुणाबाईंनी पाय काढला नाही. मापाची पिवळी पट्टी त्यांच्या चपलेखाली होती. तिचं दुसरं टोक परसात, सीताफळाच्या झाडाखाली, त्यांच्या खतखड्ड्याच्या विटांना लागलं होतं.

"काय मोजायलाईस?"

"गाडी किती आत येते ते. हा उकिरडा बुजवायचा आणि इथंपर्यंत पेव्हर ब्लॉक टाकायचे."

"तुझी गाडी भाईर ऱ्हायली तर तिला सर्दी हुतीया व्हय?"

केतन हसला, पण माप त्यानं लिहून घेतलं. पोरगा बापासारखाच होता. भांडायचा नाही, करून मोकळा व्हायचा.

पेठ वडगावजवळच्या शेतकऱ्याची ही लेक कोल्हापुरात कापडवाल्यांच्या घरात पडली, तेव्हा सासरच्यांनी नाकं मुरडली होती. शेणातली पोरगी म्हणायचे तिला. पुढं वेगळं होऊन कॉलनीत घर बांधलं, तेव्हा देवघराच्या आधी तिनं हा खड्डा काढून घेतला. त्याला तीस वर्षं झाली. घरातली साल, देठ, निर्माल्य, झाडाचा पाला, सगळं त्यात जायचं. वर्षाकाठी चहाच्या पुडीसारखं काळंभोर खत निघायचं.

खड्ड्याचे कायदे कडक होते. आत फावडं घालायचं नाही, जे काय करायचं ते हातानं. तेल-मीठ टाकायचं नाही. भाताची पेजसुद्धा गार करून ओतायची, कारण खाली गांडुळं आहेत, त्यांना चटका बसता कामा नये. एकदा बाईंच्या हातून गरम पेज सांडली. त्या दिवशी त्यांनी अन्नाला हात लावला नाही. जीव गेला की एक दिवस जेवण टाकायचं, हे माहेरच्या जैन घरातलं वळण. सून आदितीनं तेव्हा विचारलं होतं, "आई, गांडुळांसाठी उपास?" त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "तुझ्यासाठी करू व्हय?"

जगात बाईंना आवडणारी माणसं थोडी, आणि त्यातली बरीचशी वर गेलेली. कॉलनीबद्दल तर बोलायलाच नको. कोथिंबिरीची देठं पिशवीत गाठ मारून घंटागाडीत टाकणारी, जणू घरात काही पाप घडलंय, आणि त्याच हातानं कुंडीसाठी शंभर रुपये किलोचं खत विकत आणणारी ही माणसं. बाई त्यांना दीडशहाणी म्हणायच्या, तेही तोंडावर.

त्यात यंदा पद्मजा मॅडमना कचऱ्याचा पुळका आला. महिला मंडळाच्या अध्यक्ष, हातात रबरी मोजे, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी घरोघर हिरवे ड्रम खपवले आणि ड्रमात टाकायची पावडरही. दोन महिन्यांत निम्म्या ड्रमांत अळ्या झाल्या आणि उरलेल्यांत बायकांनी तुळशी लावल्या.

"उंटावरनं शेळ्या हाकती ही," बाई म्हणायच्या. "कुजायला पावडर लागती व्हय? मेल्यावर माणूस कुणाची पावडर लावून कुजतंय?"

मग मॅडमनी स्पर्धा काढली, 'हरित गृहिणी'. आदितीनं न विचारता सासूचं नाव घातलं. बाई भडकल्या. "माझ्या उकिरड्याला नंबर देनारी ही कोण टिकोजीराव?"

पण केतननं मध्येच तोंड घातलं. "पहिला नंबर आण. आणलास तर खड्डा राहील, शब्द माझा. नाहीतर रविवारी गवंडी येणार."

ज्या बाईची टिंगल केली तिच्याकडूनच आता नंबर घ्यायचा होता, आणि याचा बाईंना स्वतःचाच संताप आला. तरी त्यांनी पाला सारखा केला, विटा झाडल्या. म्हणाल्या, "बारा वर्सांनी उकिरड्याचा बी पांग फिटतो म्हनत्यात. ह्येची तर तीस झाली."

आदिती ऐकत होती. चार वर्षं झाली लग्नाला, पण सासूच्या तोंडून एक बरा शब्द तिला मिळाला नव्हता. बाईंच्या मते फरशी तीनदा पुसण्याशिवाय या पोरीला काही येत नव्हतं.

शनिवारी परीक्षक अकराला येणार होत्या. बाई सकाळी जैन बस्तीत दर्शनाला गेल्या. देवापुढं कधी काही मागायच्या नाहीत, पण त्या दिवशी मागितलं, आणि लाज वाटून घाईनं बाहेर पडल्या. घरी आल्या तर दहा वाजताच दारात चार चपला.

परसात पद्मजा मॅडम खड्ड्यावर वाकून उभ्या होत्या. "अहाहा! बघा गं, अजिबात वास नाही! उलट कसं फ्रेश वाटतंय. अक्का, कडुनिंब घालता का?"

बाईंना दारातच वास आला होता. त्यांनी आदितीकडं पाहिलं. ती मोरीजवळ उभी होती. तिच्या पायाशी फिनेलच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या आणि चेहऱ्यावर पेपर चांगला गेलेल्या पोरीचा आनंद.

ती हळूच म्हणाली, "आई, त्या लवकर येतायत म्हणून फोन आला. म्हटलं वास नको यायला. तुमचा खड्डा जायला नको."

बाई खाली बसल्या. हातानं वरचा पाला सारला. गांडुळं पांढरी पडून, वेटोळी होऊन वर आली होती. एकही हलत नव्हतं. त्यांनी पाला पुन्हा ओढून घेतला. क्षणभर वाटलं, या सगळ्या बायांना, सुनेसकट, शिव्या घालून हाकलून द्यावं. तीस वर्षं पेज गार करून ओतली ती याचसाठी? पण तोंड उघडलं तर नंबर गेला, आणि उद्या गवंडी दारात.

"पहिला नंबर इथंच!" मॅडमनी पिशवीतून लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र काढलं. नावाची जागा कोरी होती, ती त्यांनी मार्करनं भरली. मोबाईल सरसावून विचारलं, "अक्का, सांगा की, तुमचं गुपित काय?"

बाईंनी मोबाईलकडं पाहिलं, मोज्यांकडं पाहिलं. आयुष्यभर अशा माणसांना त्यांनी फटकन ऐकवलं होतं. मग नजर सुनेकडं गेली.

"सून," त्या म्हणाल्या. "माझी सून बघती समदं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आदितीचे डोळे भरून आले. चार वर्षांत पहिल्यांदा सासूनं चारचौघांत तिचं नाव काढलं होतं.

दुपारी आदिती बाजारात गेली, तेव्हा बाई खड्ड्याशी बसल्या. ओंजळी ओंजळीनं माती उपसून चाळत राहिल्या, एखादं तरी वळवळेल म्हणून. कोपराएवढ्या खोलीपर्यंत वास तोच होता. मेलेली गांडुळं त्यांनी सीताफळाच्या बुडाशी पुरली आणि पहिल्यांदा पदर तोंडाला लावला.

दिवस मावळायच्या आत ताटं मांडली. केतननं सकाळीच गवंड्याला नको म्हणून कळवलं होतं. प्रमाणपत्र फ्रिजवर चिकटवून तो भाकरी मोडत होता. "मानलं आई तुला. खड्डा तुझा, जा. जन्मभर ठेव."

बाईंनी ताट बाजूला सरकवलं.

"आई, जेवा की," आदिती म्हणाली. "तुमच्या आवडीचं भरलं वांगं केलंय."

"आज चतुर्दशी हाय. उपास हाय."

आदितीनं वाढता वाढता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. चतुर्दशी परवाच होऊन गेली होती. तिनं सासूच्या हातांकडं पाहिलं. नखांत माती होती, आणि हात धुऊनही फिनेलचा वास जात नव्हता. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"आई..."

"वाढ त्येला. भाकरी गार हुतीया."

आदितीनं केतनला वाढलं. मग स्वतःचं ताट उचलून आत ठेवून आली आणि सासूशेजारी येऊन बसली.

"तुला काय झालं?" केतननं भाजीत भाकरी बुडवत विचारलं.

"चतुर्दशी आहे," आदिती म्हणाली.