हिल्डाबाईंच्या डेलियाचा कंद

मित्रांनो, मी डेलियाचा एक जुना कंद आहे. दिसायला रताळ्यासारखा, अंगाने चांगला लठ्ठ. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, जिथे उन्हाळ्यातही माणसे स्वेटर काढत नाहीत, अशा एका खाणगावात मी वाढलो. आम्हाला थंडी सोसत नाही. म्हणून पहिल्या हिमाने पाने काळी पडली की आम्हाला खणून काढतात, देठ खाली करून निथळत ठेवतात आणि कोरड्या वाळूत घालून शेडमध्ये निजवतात.

माझे झाड हिल्डाबाईंनी बियांतून वाढवले होते. फूल काळसर लाल, पाकळ्यांच्या टोकांना मधासारखा पिवळा रंग. असे झाड दुसरे कुठेच नव्हते. त्याचे बी पेरले तर भलताच रंग येई, त्यामुळे कंदांचा गड्डा फोडूनच वंश चालवायचा. हिल्डाबाई गेल्यावर झाड त्यांचे पती कथबर्ट यांच्या हाती आले, आणि सप्टेंबरातल्या पुष्पप्रदर्शनातले पहिले बक्षीस त्यांच्या घरी जाऊ लागले. त्याची त्यांना चटक लागली.

शेजारचा वाफा रेजी डॉड्स यांचा. दोघे खाणीत एकत्र राबलेले. एका वसंतात रेजी म्हणाले, "एक तुकडा दे की. हिल्डा असती तर मागायचीही वेळ आली नसती."

"देतो रे बाबा. मी काय कंजूष वाटलो तुला?" कथबर्ट म्हणाले.

मित्रांनो, कंदाच्या मानेला, जुन्या देठाला लागून डोळा असतो. कोंब फुटतो तो तिथूनच. कथबर्टनी सर्वांत लठ्ठ म्हणून मला निवडले आणि सुरी नेमकी मानेखालून फिरवली. डोळा त्यांच्या गड्ड्यावर राहिला. रेजींनी मला घेऊन बदल्यात दोन कोबी दिले. मला त्या कोबींसमोरही लाज वाटली.

रेजींनी मला कुंडीत लावून रस्त्याकडच्या खिडकीत ठेवले. रोज पाणी घातले. मी होती नव्हती ती ताकद लावून मुळे सोडली, पण कोंब आणणार कुठून? येणारेजाणारे विचारत, "काय रेजी, दगड पेरलास का?" कथबर्ट तेवढे मान खाली घालून पुढे जात. तीन उन्हाळे असेच गेले.

मग एका डिसेंबरात कथबर्ट शिडीवरून पडले आणि इस्पितळात गेले. रेजी त्यांना भेटून आले आणि बायकोजवळ चिडून बोलू लागले. "म्हटलं, शेडची चावी दे, कडाक्याची थंडी येतेय, रॉकेलची शेगडी पेटवून येतो. तर म्हणाला, नको, एखादा गड्डा खिशात घालशील."

कथबर्ट जानेवारीत घरी परतले, तेव्हा त्यांच्या शेडमधले सगळे कंद गोठून त्यांचा चिखल झाला होता. काठी टेकत ते आमच्या दाराशी आले.

"तो... मी दिलेला, आहे का अजून?"

रेजींनी मला कुंडीतून काढून वर्तमानपत्रावर ठेवले. चुकून एखादा डोळा राहिला असेल या आशेने कथबर्टनी अंगठ्याने माझी मान चाचपली. शेवटी म्हणाले, "रेजी, याला डोळा नाही."

"ठाऊक आहे. दिलास त्याच दिवशी कळलं. चाळीस वर्षं डेलिया लावतोय मी."

"मग इतकी वर्षं पाणी कशाला घालत होतास?"

"रोज खिडकीवरून जाताना बघशील, लाज वाटेल, आणि दुसरा देशील असं वाटलं. वेडा मी."

कथबर्ट तिथेच खुर्चीत बसले. हिल्डाबाईंचे नाव दोघांपैकी कुणीही काढले नाही.

मित्रांनो, कुणाला काही द्यायचे नसेल तर तोंडावर नाही म्हणा. राग येईल, जाईल. पण मान कापून भेट देऊ नका. आणि फसवले गेल्याचे कळले तर तीन वर्षे गप्प राहून वाट पाहू नका. या दोघांतल्या एकानेही वेळेवर तोंड उघडले असते तर ते फूल आज जगात असते.

मी आता सुकत चाललो आहे. हल्ली कथबर्ट रोज सकाळी येतात आणि स्वतःच्या हाताने मला पाणी घालतात. रेजी चहा देतात. कोंब येणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.