हिरव्या मोसंबीला कच्ची म्हणणारे यंत्र

मित्रांनो, फळे निवडणारे एक जुने यंत्र तुमच्याशी बोलते आहे. जालना जिल्ह्यातल्या वाटूरला एका पत्र्याच्या शेडमध्ये मी उभे आहे. वय म्हणाल तर फार नाही. पण बंद पडलेले यंत्र लवकर जुने होते.

माझा जन्म नेदरलँड्समधला. पट्ट्यावरून फळ सरकत आले की माझ्या कॅमेऱ्यांनी ते पाहायचे आणि चांगले एकीकडे, खराब दुसरीकडे ढकलायचे, हे माझे काम. तिथल्याच एका विद्यापीठात अंबडची डॉ. अक्षता संशोधन करत होती. एका देशात घडलेले तंत्रज्ञान दुसऱ्या देशात कसे रुजते, हा तिचा विषय. तिची नोकरी कराराची. एक करार संपत आला की दुसरा शोधायचा. नवे शहर, नवी खोली, पुन्हा सगळे पहिल्यापासून. या वेळी मात्र कायमच्या जागेची आशा होती, आणि ती माझ्यावर टेकलेली होती. मला मोसंबीच्या मुलखात न्यायचे, मी तिथे कसे चालते ते पाहायचे आणि त्यावर शोधनिबंध लिहायचा, असे ठरले.

वाटूरला माझे फार कौतुक झाले. हार घातले, नारळ फोडले, फोटो काढले. द्वारकाबाईंच्या बचत गटाकडे मला सोपवले. परदेशातल्या परिषदांत अक्षता माझा फोटो दाखवून बोलली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग हंगाम सुरू झाला, आणि मी रसाने भरलेली मोसंबी खराब मालाच्या क्रेटमध्ये टाकू लागले. मला स्पेनची संत्री दाखवून शिकवले होते. हिरवी साल म्हणजे कच्चे फळ, एवढेच मला ठाऊक.

द्वारकाबाईंनी एक फळ कापून अक्षताच्या हातावर ठेवले. "खाऊन पाहा ताई. हे कच्चं हाय का? तुमची मशीन चांगला माल फेकून राह्यली."

"बरोबर आहे मावशी. तिला नव्याने शिकवावं लागेल. मी कंपनीला विचारते."

पण माझ्या आतल्या प्रोग्रामला कंपनीचे कुलूप होते. मधल्या काळात ती कंपनी दुसऱ्या कोणीतरी विकत घेतली आणि माझ्यासारखी यंत्रे बनवणेच थांबवले. अक्षताने ईमेल पाठवले, फोन केले. उत्तर आले नाही. एके सकाळी माझ्या पडद्यावर 'परवाना संपला' अशी ओळ उमटली आणि पट्टा जागच्या जागी थांबला. मोटर धड होती, कॅमेरे धड होते. नुसती परवानगी नव्हती.

अक्षता बसने यायची आणि माझ्यासमोर उलट्या क्रेटवर बसून राहायची. तिचा करार संपत आला होता. एकदा तिथेच तिच्या विभागप्रमुखांचा व्हिडिओ कॉल आला. ते शांतपणे म्हणाले, "गटातल्या स्त्रियांना प्रशिक्षण पेललं नाही, असं लिही. निबंध छापून येईल, तुझी जागाही होईल. यंत्राला दोष दिलास, तर मी तुझी शिफारस करू शकणार नाही. अशा कंपन्यांच्या निधीवरच आपला विभाग चालतो."

"पण ते खरं नाही, सर."

"तुझं तू ठरव."

द्वारकाबाईंनी विचारले तेव्हा अक्षताने त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "लिहा की मंग आमचं नाव. तिकडं आमाला कोण वळखतं? तुमची नोकरी तरी राहील."

"मग अशीच कुलूप लावलेली मशीन दुसऱ्या गावाला जाईल, मावशी. तिथल्या बायकांनाही म्हणतील, तुम्हाला जमलं नाही."

एवढे बोलून ती रडू लागली. मित्रांनो, मी वीतभर जरी पट्टा हलवू शकले असते, तरी हलवला असता.

तिने खरे तेच लिहिले. इथले फळ यंत्राला ओळखता आले नाही आणि ते शिकवण्याचा हक्क इथल्या कोणालाच नव्हता, असे. शिफारस आली नाही. निबंध परत आला. करार संपला. आता ती अंबडला वडिलांच्या घरी राहते, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि देशोदेशी अर्ज करते.

परवा ती शेडवर आली. गटाला जागा हवी आहे, म्हणून मला भंगारात द्यायचे ठरले आहे. जालन्याच्या भट्टीत माझ्या सळया होतील.

"मुलाखतीचं काय झालं, ताई?" द्वारकाबाईंनी विचारले.

"झाली. त्यांनी विचारलं, तुमचा प्रयोग यशस्वी झाला का? मी नाही म्हणाले."

"मंग?"

"मग आभार मानले आणि दुसऱ्याला आत बोलावलं."

द्वारकाबाई पदराने माझ्या कॅमेऱ्याची काच पुसत राहिल्या.

मित्रांनो, मला भट्टीची भीती वाटत नाही. उद्या तुमच्या गावात माझ्यासारखे नवे यंत्र आले, तर हार घालण्याआधी विचारा, हे उघडायचा हक्क कोणाचा? आणि असे विचारणारी एखादी बाई तुमच्यात असेल, तर कृपा करून तिला एकटे पाडू नका.